जुलैच्या उन्हात आरव्ही घेऊन ग्रँड कॅन्यनला निघताय? मग तो मधला वाळवंटाचा दिवस असा प्लॅन करा

भारतातून आई-बाबा येतात ते नेमके मे ते ऑगस्टमध्ये, पोरांना सुट्टी पण तेव्हाच, आणि मग इकडे कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधे आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विषय निघतोच. घरचं खाता येतं, बाबांना वाटेल तेव्हा आडवं होता येतं, बाथरूम सोबत असतं, सगळं खरंय. फक्त लॉस एंजेलिस आणि ग्रँड कॅन्यनच्या मधे मोहावीचं वाळवंट आहे आणि जुलैत तिथे ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सियस ही अगदी रोजची गोष्ट आहे, त्याच्या वर गेलं तरी तिथल्या लोकांना विशेष वाटत नाही. मागे विदर्भातले कोणी बसले असतील तर ते म्हणतील की आम्हाला उन्हाचं काय सांगता, पण विदर्भातला माणूस मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत बसून प्रवास करत नाही. आरव्ही म्हणजे शेवटी चाकांवरची पत्र्याची खोलीच.

हे सगळं लिहितोय ते लॉस एंजेलिस, बारस्टो, नीडल्स, किंगमन, विल्यम्स, साउथ रिम (ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड) या रूटसाठी, आणि भाड्याने मिळते ती साधारण २५ फुटी क्लास सी गाडी (ट्रकसारखं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली) डोळ्यासमोर ठेवून. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: असा दिवस एसीच्या भरवशावर निघत नाही, तो घड्याळ आणि उंचीवर निघतो. नीडल्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० फुटांवर आहे, साउथ रिम ७,००० फुटांच्या आसपास. जुलैत नीडल्सचं दुपारचं सरासरी तापमान १०९ च्या घरात असतं आणि त्याच दुपारी रिमवर ८४ (२९ सेल्सियस). म्हणजे तुमचं काम इतकंच की सकाळी लवकर खालून सुटायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत वर पोचायचं.

१. बुकिंग करताना

गाडी भाड्याने देणारे बहुतेक लोक दुपारी एक ते चारच्या मधेच गाडी ताब्यात देतात. इथेच पहिला सापळा आहे, कारण गाडी हातात आली की सगळ्यांना उत्साह येतो आणि लोक त्याच दुपारी तडक वाळवंटाकडे निघतात. तसं करू नका. पहिल्या दिवशी फक्त बारस्टोपर्यंत जा, तेही उन्हं कलल्यावर, आणि रात्र तिथेच काढा. वाटेत कहोन पास लागतो, साधारण ४,२०० फूट उंचीचा घाट आहे, संध्याकाळी तो गाडीला बराच सोपा जातो.

बारस्टोला जागा घेताना वीजजोडणी असलेलीच घ्या, पाच-दहा डॉलर वाचवायला बिनविजेची घेऊ नका कारण तिथे रात्री पण गरम होतं. आरक्षण करताना ३० अँपची जोडणी आहे ना ते बघा. फक्त ५० अँपची असेल तर अडॅप्टर लागतो, तो गाडीवाल्यांकडून आधीच मागून घ्या.

ग्रँड कॅन्यनच्या गावात दोन मुख्य पर्याय आहेत. मॅदर कॅम्पग्राउंड झाडीत आहे, छान आहे, पण तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही आणि ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. ट्रेलर व्हिलेजमधे सगळ्या जोडण्या आहेत पण झाडी कमी आणि पैसे जास्त. आई-बाबा सोबत असतील तरी मी मॅदरच सुचवेन, कारण वर रात्री तापमान ५०-५५ पर्यंत उतरतं, एसी लागतच नाही, उलट गोधडी लागते. दोन्हीकडे उन्हाळ्याच्या तारखा महिनोन् महिने आधी संपतात, मॅदरचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच लॉगिन करून बसा.

डेथ व्हॅली पण "वाटेत" उरकू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. १० जुलै १९१३ ला तिथे १३४ फॅरनहाइट म्हणजे ५६.७ सेल्सियसची नोंद झाली होती, आणि भाड्याच्या गाड्या उन्हाळ्यात तिथे न्यायला कित्येक कंपन्यांच्या करारातच मनाई असते. करार वाचा. गाडी तिथे बंद पडली तर टोइंगचा खर्च तुमच्या डोक्यावर.

२. कागदपत्रं आणि पैसे

- लायसन्स. कॅलिफोर्नियाच्या साध्या लायसन्सवर ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम चालवता येतं, वेगळी परीक्षा नाही. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचं नाव करारात पहिल्याच दिवशी घाला.
- विमा. हा खरा घोळ. तुमच्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्डाचं रेंटल कव्हर आरव्हीला बऱ्याचदा लागूच होत नाही. फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.
- डिपॉझिटसाठी पुरेशी लिमिट असलेलं कार्ड.
- कॅम्पच्या आरक्षणाचे प्रिंट, कागदावर. वाळवंटात नेटवर्क नसतं.
- आई-बाबांचे पासपोर्ट, व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड, रोजच्या औषधांची यादी आणि प्रिस्क्रिप्शन.
- पार्कची फी. गाडीमागे ३५ डॉलर तर आधीपासून आहेतच, पण १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्यामागे ग्रँड कॅन्यनसारख्या ११ पार्कमधे १०० डॉलर जादा आहेत. इथे राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० ला आणि बाहेरून आलेल्यांचा २५० ला. म्हणजे आई-बाबा दोघं असतील तर नुसते जादाचेच २०० होतात, तेव्हा आणखी एखादं पार्क करणार असाल तर २५० च्या पासचा हिशोब घरीच करून निघा, गेटवर मागे रांग लागलेली असताना नाही.

३. गाडी ताब्यात घेताना काय बघायचं

गाडी देणारा माणूस वीस मिनिटांत सगळं भराभर सांगून मोकळा होतो. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढत रहा, सगळंच्या सगळं, तुमच्या कितीही लक्षात राहील असं वाटलं तरी. उन्हाळ्यात जाताना यातल्या काही गोष्टींवर अडून बसा.

टायर. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. "१८२३" म्हणजे २०२३ च्या अठराव्या आठवड्यातला. जुना, तडे गेलेला टायर दिसला तर गाडी बदलून मागा, लाजू नका. मागे दोन-दोन टायर जोडीने असतात, आतल्याची हवा कोणी बघत नाही, ती समोर उभं राहून तपासून घ्या. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेच खरं.

छतावरचा एसी. तिथेच जनरेटर चालू करून दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा. आतली जाळी काढून फिल्टर बघा, धुळीने भरलेला असेल तर नळाखाली धुऊन द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच कळतो.

फ्रिज. यातले बरेच फ्रिज प्रोपेन गॅसवर चालणारे असतात, ते घरच्यासारखे झटकन थंड होत नाहीत, पूर्ण गार व्हायला आठ-दहा तास लागतात, गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालत नाहीत आणि कडक उन्हात आधीच दमतात. म्हणून गाडी मिळाल्या मिळाल्या फ्रिज चालू करा आणि आत ठेवायचं ते घरून गार करूनच आणा. दूध, दही, बाबांचं इन्सुलिन पहिली रात्र बर्फाच्या कूलरमधेच ठेवा (इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की फेकायचं).

जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल खातो. टाकी पाव भागाच्या खाली गेली की तो आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्ही रस्त्यात अडकू नये म्हणून मुद्दाम तशी सोय आहे. लोकांना वाटतं बिघडला. जनरेटरचे बऱ्याच ठिकाणी तासाप्रमाणे पैसे लावतात, तो दर विचारून ठेवा.

४. सोबत काय घ्यायचं

- खिडक्यांना लावायची चंदेरी फोम शीट, हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळी मिळते. घरीच कापून न्या, पुढच्या काचेसाठी सगळ्यात मोठा तुकडा.
- प्यायचं पाणी, माणशी दिवसाला एक गॅलन, शिवाय दोन-तीन गॅलन जास्तीचे. टाकीतल्या पाण्यावर अवलंबून राहू नका, दुपारी ते चहाच्या आधणासारखं येतं.
- ओआरएसची पाकिटं, कोकम आगळ, लिंबं, मीठ-साखर. ताक असेल तर उत्तमच.
- टायरची हवा मोजायचं गेज, ८० पीएसआयच्या वरचं मोजणारं. कारचं साधं गेज बऱ्याचदा पुरत नाही.
- पांढरा, पिण्याच्या पाण्यासाठीचा पाइप आणि डंपिंगसाठी (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला) जाड रबरी हातमोजे.
- पूर्ण पाय झाकणाऱ्या चपला-बूट. दुपारी डांबर इतकं तापतं की अनवाणी पाय टेकला तर फोड येतात. आईला सांगा की फक्त दार लावायला खाली उतरायचं असेल तरी अनवाणी नको.
- स्वेटर, शाल, कानटोपी. हसू नका, वर रात्री लागते.

एक नको असलेली गोष्ट: भारतातून आणलेला मिक्सर किंवा इस्त्री. इथे ११० ते १२० व्होल्ट असतात, २३० चं यंत्र चालत नाही. चटणी घरून वाटून न्या.

५. आदल्या रात्री, बारस्टोमधे

खरा दिवस इथूनच सुरू होतो. कॅम्पमधे पोचल्या पोचल्या वीज जोडा, पण आधी खांबावरचा ब्रेकर बंद करून प्लग लावा आणि मग ब्रेकर चालू. एसी लगेच सुरू करा आणि सगळ्या काचांवर चंदेरी शीट लावा.

आता एसीबद्दल खरं ते सांगतो. छतावरचा एसी आत घेतलेली हवा साधारण २० फॅरनहाइटने थंड करून सोडतो. बाहेर ११० असताना आतमधे ७२ होईल ही अपेक्षाच चुकीची आहे, ८५-९० झालं तरी गाडी चांगली आहे असं समजा. भिंती एकदा तापल्या की मग तो एसी फक्त धापा टाकतो, म्हणून सकाळी गार असतानाच चालू ठेवायचा असतो, गरम झाल्यावर नाही.

आणि ३० अँपचं गणित घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या. एसी १३ ते १५ अँप खातो, मायक्रोवेव्ह १२-१३, विजेची किटली १२ च्या वर, इन्स्टंट पॉट आठ-नऊ. एसी चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह लावला आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी किटली, की ब्रेकर पडलाच, आणि अंधारात "कोणी लावली रे किटली" सुरू होतं. नियम सोपा आहे, एसी अधिक एक वस्तू. भर दुपारी सगळ्या कॅम्पचे एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेज पण पडतं, १०५ च्या खाली गेलं तर एसी बंद ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर जळायचा. वीस-तीस डॉलरला व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर मिळतं, घेऊन टाका.

दुसऱ्या दिवशीचं जेवण रात्रीच करून ठेवा. दशम्या, धपाटे, थालीपीठ, दहीभात, जे कोरडं आणि टिकणारं असेल ते. दुपारी गाडीत शेगडी पेटवायची वेळच येऊ देऊ नका. आणि फोडणी देताना छतावरचा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा आणि एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर मोहरी तडतडली की स्मोक अलार्म पण तडतडतो आणि शेजारचे धावत येतात.

झोपण्याआधी पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप काढून आवरून ठेवा, फक्त वीज राहू द्या. बहुतेक कॅम्पमधे रात्री दहापासून सकाळपर्यंत शांततेची वेळ असते, पहाटे खुडबुड करून सगळ्यांना उठवायचं नाही.

६. पहाटे साडेचार ते सकाळी नऊ

टायरची हवा आत्ता तपासा, थंड असताना. चालून गरम झालेल्या टायरमधे दाब वाढलेला दिसतो आणि नवखा माणूस घाबरून हवा सोडतो, हे अजिबात करू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. जुलैत हायवेच्या कडेला टायरच्या चिंध्या दिसतील त्या बऱ्याच याच कारणाने.

पाचपर्यंत निघा. बारस्टो ते नीडल्स साधारण १४५ मैल आहे आणि वाटेतल्या लडलो गावाच्या पुढे सोयी अगदी तुरळक, नेटवर्क येतं-जातं. म्हणून बारस्टोलाच टाकी फुल करा. पेट्रोल भरताना प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह आणि जनरेटर दोन्ही बंद, आणि पंपाच्या छताची उंची बघून आत घुसा, तुमची गाडी १२ फुटांच्या आसपास उंच आहे. क्लास सी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, त्या हिशोबाने चला. नीडल्समधे पेट्रोल महाग असतं, नदी ओलांडून ॲरिझोनात गेलात की उतरतं.

चालवताना ६० ते ६५ च्या वर जाऊ नका. ॲरिझोनात पाटी ७५ ची असते, ती तुमच्यासाठी नाही. ट्रक शेजारून गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते, दोन्ही हात स्टिअरिंगवर असू द्या.

सगळ्यांना बेल्ट. हे आई-बाबांना दोनदा सांगावं लागतं कारण मागे घरासारखंच दिसतं आणि आईला वाटतं चला चालता चालता चहा टाकते. नाही. गाडी चालू असताना कोणी उठायचं नाही, बाथरूमला जायचं असेल तर गाडी थांबवायची. थर्मास भरून हाताशी ठेवा.

डॅशबोर्डचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचत नाही. मागे म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर जनरेटर लावून छतावरचा एसी चालत्या गाडीत चालवा, त्यासाठीच तो आहे. मात्र कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर "काहीतरी उगाच वाजतंय" म्हणून बॅटरी काढायची नाही, जनरेटर बंद करायचा आणि सगळ्यांनी खाली उतरायचं.

वेळेचा एक गोंधळ टाळा. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथली आणि कॅलिफोर्नियाची वेळ एकच असते. पुढे कधी नावाहो लोकांच्या भागात गेलात तर तिथे एक तास पुढे असतं.

७. चढ

नीडल्स ओलांडलं की कोलोरॅडो नदी लागते आणि मग किंगमनपर्यंत (साधारण ३,३०० फूट) रस्ता वर चढत राहतो. पुढे ॲश फोर्कनंतर विल्यम्सचा चढ तर चांगलाच आहे. नऊच्या आत किंगमनला पोचलात तर हे सगळं सोपं जातं.

चढावर डॅशबोर्डचा एसी बंद करा, गाडीत टो-हॉलचं (चढावर खालचा गिअर धरून ठेवणारं) बटण असेल तर ते दाबा, उजवी लेन धरा आणि ४५ ने चढलात तरी चालेल, मागचे हॉर्न मारू देत. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर आधी एसी बंद आहे ना ते बघा, मग हीटर फुल. हो, हीटरच, तो इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो, दहा मिनिटं सगळ्यांना त्रास होईल पण इंजिन वाचेल. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

टायर फुटला तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ, गाडी स्वतःहून हळू होऊ द्या, मग अलगद कडेला. स्वतः टायर बदलायच्या भानगडीत पडू नका, रोडसाइड मदतीला फोन करा आणि सगळ्यांना हायवेपासून लांब उभं करा, सावली असेल तिथे.

जीपीएस कधी कधी ओटमनवरून जुना रूट ६६ सुचवतो, फोटोत फार छान दिसतो, गाढवं रस्त्यात फिरतात वगैरे. सिटग्रीव्ह्ज पासची वळणं अशी आहेत की ४० फुटांच्या वरच्या गाड्यांना तिथे मनाई आहे आणि तुमच्या २५ फुटीलाही घाम फोडतील. आय-४० हा मुख्य हायवे सोडू नका. मोबाइलवरच्या नेहमीच्या मॅपला तुमच्या गाडीची उंची-लांबी माहीत नसते हे कायम ध्यानात असू द्या.

८. दुपारी वर पोचल्यावर

बाराच्या आसपास तुम्ही विल्यम्सला असाल, ६,७०० फुटांच्या वर, पाइनची झाडं, आणि दार उघडल्यावर भट्टीसारखी झळ येणार नाही. इथे जेवा, बाबांना झोपू द्या. पुढे साउथ रिम ६० मैल आहे, तीननंतर निघालात तरी चालतं.

कॅम्पमधे जागा लावताना जमत असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेकडे करा. मग गाडीच्या भिंतीवरून बाहेर उघडणाऱ्या कापडी छत्रीची बाजू (ती बहुतेक उजवीकडे असते) पश्चिमेला येते आणि दुपारचं ऊन भिंतीवर पडत नाही. बाहेर सावलीत खुर्च्या टाकून बसायचं असेल तर उलट, तोंड उत्तरेकडे. पण छत्री उघडी टाकून फिरायला जाऊ नका. दुपारनंतर वारा अचानक सुटतो, मोडली तर बिल मोठं येतं आणि ते बऱ्याचदा विम्यात बसत नाही.

मॅदरमधे जनरेटर फक्त सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळातच लावता येतो. गाडी तिथेच ठेवा आणि गावात फुकटच्या शटल बसने फिरा, हर्मिट रोडवर तर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या जाऊच देत नाहीत.

७,००० फुटांवर म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशी थोडं चाललं तरी दम लागतो, रिम ट्रेलचा (कडेकडेने जाणाऱ्या पायवाटेचा) सपाट भाग घ्या. आणि दरीत उतरायचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या की जितकं खाली तितकं जास्त गरम, आणि चढ परत येताना असतो, तेही भर उन्हात. पार्कवाले उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार दरीच्या आत चालू नका असंच सांगतात.

९. पाणी आणि डंपिंग

गाडीत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची आणि संडासाची. आपल्या लोकांचा पाण्याचा वापर जास्त, भांडी नळ सोडून घासायची सवय आणि संडासात टमरेल, त्यामुळे गाडीवाले सांगतात त्यापेक्षा टाक्या आपल्याकडे फार लवकर भरतात. टमरेल बंद करा असं मी कोणाच्या आईला सांगायला जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका, त्याऐवजी रोज डंप करायचं धरूनच चला. उन्हाळ्यात ते बरंही असतं कारण वास लवकर सुटतो. डंप केल्यावर टाकीत बादलीभर पाणी आणि संडासाच्या टाकीसाठी मिळणारं ते निळं केमिकल टाका.

क्रम नेहमी संडासाची टाकी आधी, सांडपाण्याची नंतर, म्हणजे त्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो. आणि कॅम्पमधे पाइप जोडलेला असला तरी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत साचून वाळतं. पुढचं वर्णन करत नाही.

पिण्याच्या पाण्याचा पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं गरम पाणी वाहू द्या आणि मगच टाकी भरा.

१०. तब्येत

डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, पायात गोळे, चक्कर, ही सुरुवात असते. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, ओआरएस घोट घोट द्या. बोलणं असंबद्ध झालं, अंग खूप तापलं, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात आहे, ९११ लावा आणि तोवर अंगावर पाणी मारत रहा, शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका. हायवेवरच्या मैलाच्या पाटीचा आकडा सांगितला की मदत लवकर पोचते, म्हणून येता-जाता मुलांना ते आकडे वाचायचं काम देऊन ठेवा.

बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमधे लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी किती प्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. लघवीला सारखं थांबायला नको म्हणून म्हातारी माणसं गुपचूप पाणी पिणंच कमी करतात, त्यांच्या बाटलीवर तुमचं लक्ष हवं.

पोरांना किंवा कोणालाही बंद गाडीत "दोनच मिनिटं" ठेवून दुकानात जायचं नाही, एसी चालू असला तरी नाही, जनरेटर कधी बंद पडेल सांगता येत नाही.

११. वादळ आलं तर

१५ जून ते ३० सप्टेंबर हा ॲरिझोनाचा मान्सून. हो, तिकडेही मान्सूनच म्हणतात. सकाळ स्वच्छ, दुपारी ढग, आणि मग वीज, गारा, धुळीचे लोट. धुळीत समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यावरून शक्य तितकं बाहेर घ्या, सगळे दिवे बंद, ब्रेकवरून पाय काढा, बेल्ट तसेच. दिवे चालू ठेवले तर मागचा माणूस तुमच्या दिव्यांच्या मागे येतो आणि येऊन आदळतो. एरवी कोरड्या ओढ्यातून पाणी वाहत असेल तर, भले चार इंच वाटलं तरी, तो ओलांडायचा नाही. कडेला विजा दिसायला लागल्या तर रिमवरून फोटो काढत उभं राहू नका, बसमधे किंवा गाडीत जा.

१२. परतीला

परत येतानाही तेच घड्याळ, फक्त उलटं: वरून पहाटे निघून नीडल्स सकाळी लवकर मागे टाका, कारण नीडल्सच्या पश्चिमेला पुन्हा चढ आहे आणि तो भर दुपारी ओव्हरहीट करायला अगदी योग्य आहे. कॅलिफोर्नियात शिरताना आय-४० वर शेतमाल तपासणीचं नाकं लागतं, फळं, कडीपत्ता, रोपं काही आहे का विचारतात. खरं सांगा, लिंबं-संत्री आधीच संपवून टाका.

गाडी परत द्यायची वेळ बहुतेक सकाळी नऊ ते अकरा असते, तेव्हा शेवटची रात्र डेपोपासून तासाभराच्या अंतरावर काढा. संडासाची आणि सांडपाण्याची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल आणि प्रोपेन करारात लिहिलंय तेवढं भरून द्या, जनरेटरच्या तासांच्या मीटरचा आणि मैलांचा फोटो त्यांच्या माणसासमोर काढा. आणि फ्रिजरच्या मागच्या कोपऱ्यात बघा, आईने कोथिंबीर-मिरचीची पिशवी तिथे ठेवलेली असते.